सेंदाईला ग्यूतान खायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची वसईची, सेंदाईत राहून आता नववं वर्ष चालू आहे. जपानला फिरायला किंवा कामाला येणारी आपली मंडळी एकदा तरी मेसेज करतातच, "तिकडे ते जिभेचं काहीतरी मिळतं म्हणे, कुठे खायचं, कसं मागायचं?" बीफ खाणारे विचारतात तसे न खाणारेही विचारतात, कारण ऑफिसची पार्टी नेमकी तिथेच ठरलेली असते. म्हणून सगळ्यांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय.

ग्यूतान म्हणजे नक्की काय?

ग्यू म्हणजे गाय-बैल, आणि तान हा इंग्रजीतल्या टंगचा जपानी उच्चार. म्हणजे गायीबैलाची जीभ, सोलून, जाड काप करून, मीठ लावून मुरवून, कोळशाच्या आचेवर जाळीवर भाजलेली. मसाला नाही, वाटण नाही, तेलाची फोडणी नाही. आपल्याकडच्या माणसाला पहिल्यांदा ऐकून वाटतं की नुसतं मीठ लावलेलं मांस ते काय खायचं, पण यातली सगळी मेहनत तुमच्या समोर ताट येण्याच्या आधी झालेली असते.

पण जीभ? खाताना कसंतरी नाही वाटत?

ताटात जे येतं ते जिभेसारखं अजिबात दिसत नाही. वरची खरखरीत कातडी पूर्ण काढलेली असते, काप लांबट गोल, कडेला भाजल्याचे डाग आणि आत लालसर. जीभ हा दिवसभर हलणारा स्नायू, म्हणून नुसता भाजला तर चामट होतो, पण मुळाकडे चरबी भरपूर असते. त्यामुळे नीट केलेलं ग्यूतान दाताखाली आधी थोडं कुरकुरल्यासारखं तुटतं आणि मग रस सुटतो. मटणासारखे धागे नाहीत, कलेजीसारखा उग्र वास नाही.

आणि खरं सांगायचं तर जीभ खाणं आपल्याकडे तरी कुठे नवीन आहे? मटणाच्या दुकानात मुंडी घेतली की तिच्यात जीभ असतेच, आणि ती कोणाच्या वाट्याला यायची यावरून घरोघरी भांडणं होतात. गोव्यात ख्रिस्ती घरांमध्ये जीभ मीठ-लिंबू चोळून दिवसच्या दिवस मुरवतात, मग उकडून पातळ कापतात. माझी मावशी म्हापशाला असते, तिच्याकडे नाताळाला हा प्रकार असायचाच. सेंदाईत पहिल्यांदा ग्यूतान खाल्लं तेव्हा मला आधी तिचंच स्वयंपाकघर आठवलं, कारण पद्धत वेगळी असली तरी मीठ लावायचं आणि धीर धरायचा हे दोन्हीकडे सारखंच आहे.

सेंदाईच का? टोकियो किंवा ओसाकाचं नाव का नाही?

कारण हा पदार्थ इथे एका माणसाने उभा केला. सानो केइशिरो त्यांचं नाव. युद्धानंतर सेंदाईत त्यांचं याकितोरीचं, म्हणजे काडीला लावून भाजलेल्या मांसाचं छोटं दुकान होतं. धंदा चालायचा, पण आज यांनी काही नवीन केलं की उद्या शेजारच्या दुकानात तेच दिसायचं. तेव्हा त्यांना असं काहीतरी हवं होतं जे बघून लगेच उचलता येणार नाही. पाश्चात्य पद्धतीचा स्वयंपाक करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांना जीभ चविष्ट असते हे कळलं, तिकडे तिचा स्ट्यू करतात, तासन्‌तास शिजवून. पण भाजणाऱ्या दुकानात तासन्‌तास कोण थांबणार, म्हणून मग किती जाड कापायची, सुरीने चिरा किती द्यायच्या, मीठ किती, किती दिवस ठेवायची, आच कशी हवी, हे सगळं त्यांनी स्वतः करून करून बसवलं. १९४८ पासून त्यांच्या तासुके या दुकानात ग्यूतान मिळायला लागलं. दुकान आजही सेंदाईत आहे.

मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं ते हे की नक्कल होऊ नये म्हणून त्यांनी महाग माल शोधला नाही, कष्टाचं काम शोधलं.

सुरुवातीला हा पिणाऱ्यांचा पदार्थ होता, गावभर कौतुक वगैरे काही नव्हतं. सेंदाई हे मोठ्या कंपन्यांच्या शाखांचं शहर, टोकियोहून बदली होऊन येणारे नोकरदार खूप, ते इथे दोन-तीन वर्षं काढायचे, संध्याकाळी काउंटरला बसून हे खायचे आणि परत गेल्यावर तिकडे सांगायचे. १९८२ मध्ये तोहोकू शिनकानसेन, म्हणजे इकडची बुलेट ट्रेन, सुरू झाली आणि मग बाहेरून येणाऱ्यांची रीघच लागली.

अमेरिकन सैन्याने टाकून दिलेल्या जिभांपासून हे सुरू झालं असं ऐकलंय, खरं का?

ही गोष्ट सगळीकडे सांगतात. युद्धानंतर अमेरिकन सैन्य इथे होतं, ते मांस खायचे आणि जीभ-शेपूट टाकून द्यायचे, त्याचा इथल्या लोकांनी उपयोग केला, अशी. ऐकायला छान आहे पण सानोंच्या बाजूने सांगितली जाणारी हकिगत वर लिहिली तशी आहे, पाश्चात्य स्वयंपाकातून कल्पना आणि मग स्वतःचे प्रयोग. शिवाय त्या काळात जिभा मिळवणं हेच कठीण होतं, आसपासच्या कत्तलखान्यांत फिरून गोळा कराव्या लागायच्या. मी तरी पाहुण्यांना सानोंचीच गोष्ट सांगते.

मग हे मांस सेंदाईच्या गायीचंच असतं ना?

नाही, आणि इथे बहुतेक सगळेच फसतात. सेंदाईग्यू नावाचं इथलं फार नावाजलेलं आणि महागडं वाग्यू, म्हणजे जपानी जातीच्या जनावरांचं बीफ आहे, ते वेगळं. ग्यूतानच्या दुकानांत येणारी बहुतेक जीभ अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातून येते. साधा हिशोब आहे, एका जनावराला जीभ एकच, वजन दीड किलोच्या आसपास, त्यातून कातडी आणि टोक वजा केलं की भाजण्याजोगा भाग अजून कमी. एका शहराला रोज लागणारा माल देशातल्या जनावरांतून निघणं शक्यच नाही. १९९१ मध्ये जपानने बीफच्या आयातीवरचं कोट्याचं बंधन काढलं, त्यानंतर दुकानं भराभर वाढली.

याची दुसरी बाजू २००३ च्या शेवटी दिसली. अमेरिकेत वेड्या गायीच्या रोगाची केस सापडली आणि जपानने तिकडची आयात बंद केली. ग्यूतानच्या दुकानांवर संकटच आलं, बरेच जण ऑस्ट्रेलियन मालाकडे वळले, पण चारा वेगळा म्हणून चरबी वेगळी आणि मग मीठ-मुरवणं सगळं परत जुळवावं लागलं. मध्ये आयात सुरू झाली, पुन्हा थांबली, २००६ च्या जुलैत परत सुरू झाली तीही कमी वयाच्या जनावरांपुरती, आणि वयाची अट पूर्ण निघाली ती २०१९ मध्ये. आमच्या घराजवळच्या दुकानातले आजोबा अजून त्या वर्षांबद्दल बोलतात तेव्हा आवाज खाली जातो त्यांचा.

त्यामुळे "आयात केलेलं आहे म्हणजे अस्सल नाही" असं कोणी म्हणालं तर मला पटत नाही. सेंदाईची आहे ती कापण्याची, मुरवण्याची आणि भाजण्याची हातोटी.

ताटात काय काय येतं?

इथे ग्यूतान तेइशोकु मागायचं, तेइशोकु म्हणजे आपली थाळी समजा. भाजलेले काप, सोबत मुगीमेशी म्हणजे जव घातलेला भात, शेपटीचं सूप, कोबीसारख्या हाकुसाई पाल्याचं हलकं मुरवलेलं लोणचं आणि मिसोत, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या खारट पेस्टमध्ये, मुरवलेली हिरवी मिरची. हा सेट सानोंच्या वेळेपासूनचा आहे आणि यातली एकही गोष्ट उगाच आलेली नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

भात जवाचा का, तर युद्धानंतर तांदळाची टंचाई होती, जव घालून भात वाढवायचे. आज तांदूळ आहे, पण जव तसाच राहिला कारण तो जरा चिवट असतो, दाताखाली येतो, आणि ग्यूतानही चावून खायचं असल्यामुळे दोघांचं जमतं. नुसता पांढरा भात घेतला तर तो आधी संपतो आणि मांस तोंडात उरतं.

सूप शेपटीचं, तासन्‌तास उकळलेलं, अगदी नितळ, वर पांढऱ्या कांद्याच्या पातीचा ढीग. मीठ आणि मिरीपूड, बस. कोल्हापूरकडच्या लोकांना मी सांगते की अळणी रस्सा आठवा, तसंच काहीतरी, फक्त मीठ घातलेला आणि अजून हलका. वाटी दोन्ही हातांनी उचलून थेट तोंडाला लावायची, आत शेपटीचा मांसाचा तुकडा असतो तो हाडावरून सुटून येतो. थंडीत, बाहेर बर्फ भुरभुरत असताना हे सूप पहिलं प्यायलं की अंगात जीव येतो, थाळीत मला सगळ्यात प्रिय काय म्हणाल तर हेच.

आणि मिरची. तिला इथे नानबान म्हणतात. नानबान म्हणजे खरं तर "दक्षिणेकडचे रानटी लोक", पोर्तुगीज वगैरे जहाजांतून आले त्यांना जपानी लोक असं म्हणायचे, आणि त्यांच्यासोबत आलेल्या वस्तूंनाही तेच नाव चिकटलं. तोहोकूत, म्हणजे जपानच्या या ईशान्य भागात, आजही मिरचीला नानबान म्हणतात. त्याच पोर्तुगीजांनी आपल्याकडे गोव्यात मिरची आणली! मिसोतली ही मिरची चवीला खारट, आंबूस आणि बऱ्यापैकी तिखट असते. जपानमध्ये तिखट म्हणून जे देतात ते आपल्याला गोडच लागतं, पण हिला तसं समजू नका. मांसाच्या एका घासाला मिरचीचा छोटा तुकडा, त्यावर भात. ठेच्याची सवय असलेल्यांना ही जोडी लगेच कळते.

आपण स्वतः भाजायचं असतं का?

नाही. टेबलावर शेगडी असते ते याकिनिकु, ते वेगळं. तिथे जीभ पातळ कापून येते, मीठ-लिंबू लावून पटकन भाजून खातात, त्याला तानशिओ म्हणतात. सेंदाईच्या दुकानात भाजणारा माणूस असतो आणि ते त्याचं कसब असतं. आच खूप तेज, काप जाड, त्यामुळे सारखं उलटत राहावं लागतं, क्षणभर दुर्लक्ष झालं तर कडा करपतात. काउंटरला जागा मिळाली तर तिथेच बसा. चरबीचे थेंब कोळशावर पडून ज्वाळा वर येते आणि तो माणूस शांतपणे चिमट्याने काप बाजूला घेतो, परत आणतो, असं दहा मिनिटं बघत बसलं तरी कंटाळा येत नाही. कपड्यांना धुराचा वास लागणार हे मात्र धरून चाला.

शिओ, तारे, मिसो यातलं काय घ्यायचं?

शिओ, म्हणजे मीठ. पहिल्यांदा जात असाल तर दुसरं काही नको. तारे म्हणजे सोया सॉसवाला गोडसर रस, मिसो म्हणजे मिसो लावून भाजलेलं, दोन्ही चांगली लागतात पण जिभेची मूळ चव मिठातच कळते. अर्धं-अर्धं देणारी दुकानंही आहेत, चौघं असाल तर एकाने तसं घ्या. लिंबू मागू नका असं मी म्हणणार नाही, पण पहिले दोन काप तरी तसेच खा.

मेनूत तानमोतो, तानसाकी असं काय काय लिहिलेलं असतं?

जिभेचे भाग आहेत ते. तानमोतो म्हणजे मुळाकडचा, सगळ्यात चरबीदार, लुसलुशीत आणि महाग. ताननाका मधला, तो जास्त करून थाळीत येतो. तानसाकी म्हणजे टोक, हा भाग कडक, म्हणून तो स्ट्यूत, करीत, खिम्यात जातो. काही दुकानांत जाड, खास प्रतीचा काप वेगळ्या नावाने आणि जास्त किमतीला असतो. पहिल्यांदा साधी थाळीच घ्या, महागडा काप दुसऱ्या वेळी घेतला की फरक काय आहे ते कळतं.

"तीन माई, सहा किरे" म्हणजे किती?

माई म्हणजे आख्खा काप, किरे म्हणजे तुकडा. एक काप मध्ये कापून दोन तुकडे करतात, म्हणून तीन माईचे सहा किरे. एकाला हे पुरतं. भूक जास्त असेल तर चार माई घ्या. कमी वाटलं म्हणून पहिल्याच झटक्यात डबल घेऊ नका, जाड असतं, चावून चावून पोट भरतं. भात मोठा हवा असेल तर "ओओमोरी" म्हणायचं, काही ठिकाणी त्याचे पैसे लागत नाहीत.

खर्च किती येतो?

थाळी साधारण २,००० ते ३,५०० येन, खास काप घेतला तर वर. बाहेरून येणारा माल, त्यात येन घसरलेला, त्यामुळे अलीकडे भाव बरेच चढलेत आणि जुनी माणसं त्यावर हळहळतात. टिप द्यायची नाही, दिली तर मागे पळत येऊन परत देतील. पैसे निघताना गल्ल्यावर द्यायचे, टेबलावर ठेवायचे नाहीत. जुन्या छोट्या दुकानांसाठी रोख रक्कम जवळ ठेवा. बसून खाल्लं तर कर १० टक्के, पार्सल नेलं तर ८, म्हणून दोन्हीच्या किमती वेगळ्या दिसतात.

मी बीफ खात नाही, पण ऑफिसची पार्टी ग्यूतानच्या दुकानात आहे. काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि तो माझ्या घरातलाच आहे, कारण माझा नवरा सातारचा, तो बीफ खात नाही. दोन गोष्टी मनापासून सांगते.

पहिली, आधीच सांगा, आयत्या वेळी नाही. पार्टी ठरवणाऱ्याला "ग्यूनिकु वा ताबेरारेमासेन" एवढं म्हणा, म्हणजे मी बीफ खाऊ शकत नाही. कारण लांबलचक द्यायची गरज नाही, "शूक्योउ" म्हणजे धर्म एवढा एक शब्द पुरतो. जपानी लोक अशा बाबतीत फार जपून वागतात, आणि पाहुण्याला काही खाता आलं नाही याचं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटतं. माझ्या नवऱ्याने पहिल्या वर्षी संकोचाने काही सांगितलं नाही आणि एका पार्टीत दोन तास नुसतं लोणचं आणि भात खाऊन बसला, त्याच्या साहेबांना नंतर कळलं तर त्यांनी चार-चार वेळा माफी मागितली.

दुसरी, नुसतं "जीभ नको" म्हणून भागत नाही. सूप बीफचं आहे, करीत बीफ आहे, साध्या दिसणाऱ्या रश्श्यातही बीफचा अर्क असू शकतो, आणि सगळं एकाच जाळीवर भाजलेलं असतं. फक्त थाळ्या देणाऱ्या छोट्या दुकानात तुमच्यासाठी खरंच काही नसतं, तिथे हट्ट करू नका. पण मोठ्या दुकानांत संध्याकाळी बाकीचे पदार्थ असतात, भाजलेले मासे, थंडीत मियागीची, म्हणजे सेंदाई ज्या प्रांतात आहे तिथली, कालवं, सासाकामा नावाचा पानाच्या आकाराचा माशाचा केक. तो सेंदाईचाच, आणि गरम गरम छान लागतो. शक्य असेल तर अशीच जागा सुचवा, म्हणजे खाणारे आणि न खाणारे एका टेबलाला बसतील.

आणि कोणी आग्रह केला तर हसून नाही म्हणा. जपानमध्येसुद्धा सम्राट तेम्मू यांनी इ.स. ६७५ मध्ये गाय-बैल, घोडे, कुत्रे, माकडं, कोंबड्या मारून खायला बंदी घातली होती आणि पुढे शेकडो वर्षं गायीबैलाचं मांस इथे उघडपणे खात नसत. १८७२ मध्ये मेइजी सम्राटांनी बीफ खाल्ल्याची बातमी झाली तेव्हा कुठे चित्र बदललं. ऑफिसातल्या वयस्क मंडळींना हा विषय काढलात तर गप्पा मस्त रंगतात.

पूर्ण शाकाहारी असेन तर?

जेवायला म्हणून येऊ नका, खरंच. जवाचा भात, लोणचं आणि मिरची एवढंच उरतं, आणि भातावर घ्यायचा तोरोरो म्हणजे किसलेला चिकट कंद, त्यातही बहुतेक माशाचं दाशी, म्हणजे माशाचं चवीचं पाणी, असतं. त्यापेक्षा झुंदा खा, कोवळ्या हिरव्या सोयाबीनचं गोड वाटण. मोचीवर, म्हणजे चिकट तांदळाच्या गोळ्यावर, घालून मिळतं, स्टेशनवर त्याचं शेकही मिळतं. तेही सेंदाईचंच.

हलाल मिळतं का?

नेहमीच्या दुकानांत नाही असंच धरून चाला, आणि मांस कोणत्या देशाचं आहे यावरून हलाल आहे असा अंदाज बांधू नका. प्रमाणपत्र लावलेलं असेल तरच.

आत गेल्यावर काय करायचं, काय बोलायचं?

दुपारी साडेअकरा ते दीडपर्यंत रांग असतेच. दारात कागद किंवा मशीन असतं, त्यावर नाव आणि किती जण ते लिहायचं, नाव काताकानात, म्हणजे परदेशी नावांसाठीच्या जपानी लिपीत, लिहिलं तर हाक मारताना त्यांना सोपं जातं. आत ओला रुमाल येतो, तो हात पुसायला, तोंड-मान पुसायला नाही. बोलवायचं असेल तर "सुमिमासेन" जरा मोठ्याने म्हणा, तिथे ते उद्धट मानत नाहीत. सुरू करताना "इतादाकिमासु", उठताना "गोचिसोउसामा". चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नका आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका, दोन्ही अंत्यविधीशी जोडलेलं आहे. आपल्याकडे ताटातलं उचलून एकमेकांना द्यायची सवय, म्हणून हे मुद्दाम सांगतेय. द्यायचंच असेल तर त्याच्या ताटलीत ठेवा.

काउंटरचं छोटं दुकान असेल आणि बाहेर रांग असेल तर जेवण झाल्यावर रेंगाळू नका. घाईही करू नका, पण गप्पांसाठी बाहेर भरपूर कॉफीची दुकानं आहेत.

आतून लाल दिसतं, कच्चं तर नाही ना?

जिभेचं मांस मुळातच लालसर, आणि जाड काप आतून रसाळ राहावा म्हणून जरा आधीच उतरवतात. पूर्ण भाजलेलं हवं असेल, गरोदर असाल किंवा पोट नाजूक असेल तर "योकु याइते कुदासाई" म्हणा, नीट भाजून देतात, कोणी नाक मुरडत नाही.

लहान मुलं किंवा आईबाबा सोबत असतील तर?

जाड काप लहान मुलांना आणि कवळी असलेल्यांना चावत नाही, हे आधीच लक्षात ठेवा. त्यांच्यासाठी तानस्ट्यू किंवा युदेतान मागा, युदेतान म्हणजे हळू आचेवर मऊ होईपर्यंत उकडलेली जीभ, अक्षरशः चॉपस्टिकने तुटते. माझे पप्पा पंच्याहत्तरीचे, ते आले तेव्हा भाजलेल्याचा एकच काप कसाबसा खाल्ला आणि मग युदेतानची वाटी पूर्ण संपवून परत मागितली. मुलांसाठी जिभेच्या खिम्याचं हँबर्ग किंवा करी असते.

सोबत काय प्यायचं?

दुपारी गार पाणी किंवा चहा फुकट मिळतो, तोच बरा. संध्याकाळी बिअर, नाहीतर मियागीचीच साके, उराकासुमी किंवा इचिनोकुरा मागा. वयाची अट २० वर्षं.

सेंदाई स्टेशनवर गाडी बदलायला फक्त तासभर आहे, जमेल?

जमेल. स्टेशनच्या तिसऱ्या मजल्यावर ग्यूतान-दोरी नावाची गल्लीच आहे, तिथे रिक्यू, किसुके अशी नावाजलेली दुकानं एकाला लागून एक आहेत. जेवणाची वेळ टाळून गेलात, म्हणजे साडेतीन-चारला, तर रांग कमी मिळते. तेवढाही वेळ नसेल तर ग्यूतानचा एकिबेन, म्हणजे स्टेशनवर मिळणारा जेवणाचा डबा, घ्या, त्यातल्या काही डब्यांना खाली दोरी असते, ती ओढली की आत चुना आणि पाणी एकत्र येऊन डबा गरम होतो. काप पातळ असतात, दुकानातली मजा नाही, पण धावत्या गाडीत वाफाळता भात खाणं हेही काही कमी नाही. टोकियोहून हायाबुसा या शिनकानसेन गाडीने सेंदाई साधारण दीड तास, त्यामुळे सकाळी निघून जेवून संध्याकाळी परत जाणारेही मला भेटलेत.

टोकियोतच खाल्लं तर चालेल का?

चालेल की. सेंदाईच्या मोठ्या दुकानांच्या तिकडे शाखा आहेत, आणि नेगिशी ही टोकियोचीच साखळी आहे, तिथे काप जरा पातळ आणि जवाच्या भातासोबत तोरोरो मिळतो, रोजच्या जेवणासाठी छान. पण तिथलं खाऊन "सेंदाईचं खाल्लं" असं म्हणू नका. मी तरी म्हणू देणार नाही.

घरी भारतात नेता येईल का?

नाही. दुकानांत आणि स्टेशनवर बंद पाकिटं दिसतात, ती जपानमधल्या जपानमध्ये न्यायला. भारतात बीफ आणायला बंदी आहे, शिजवलेलं असो, सुकवलेलं असो किंवा डबाबंद. जपानमधल्या मित्रांना भेट द्यायला मात्र उत्तम, थंड पिशवीत पॅक करून देतात.

मग घरी करून बघता येईल का?

जपानमध्ये राहत असाल तर नक्की. सुपरमार्केटमध्ये जाड कापलेली जीभ मिळते. दोन्ही बाजूंनी सुरीने आडव्या-तिरक्या बारीक चिरा द्या, फार खोल नाही, मीठ आणि थोडी मिरीपूड लावून झाकून फ्रिजमध्ये किमान एक रात्र ठेवा. या मुरवण्याला जपानीत "झोपवणं" म्हणतात आणि हा शब्द मला फार आवडतो. भाजायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा, पाणी सुटलेलं पुसून घ्या, बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवा आणि मग एका बाजूने दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूने त्याहून जरा कमी. तेल घालू नका, त्याचीच चरबी सुटते. भातात मूठभर जव टाका. मिसोतली मिरची मिळाली नाही तर हिरव्या मिरच्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजून मिसोत दोन दिवस दाबून ठेवा, आमच्याकडे आता ती वर्षभर असते आणि नवरा बीफ खात नाही पण ती मिरची भाकरीसोबत रोज खातो.